काळ्या टोपीचा रंग
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी छायाचित्र-प्रदर्शनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भेडाघाटच्या छायाचित्रांविषयी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हां हौशी मंडळींना केली आहे. खरे पाहता बोलण्याजोगे छायाचित्र एकच आहे, आणि तेही बिघडलेले.

जबलपुरात निम्मे आयुष्य काढलेल्या आपणांस धुवाँधार कसा दिसतो हे सांगायला नको. नर्मदेचा तो धूर चित्रात रेशमासारखा उतरावा, तर कॅमेऱ्याची झडप सेकंदभर उघडी हवी. आणि तेवढा वेळ उजेड आत आला तर चित्र पांढरेफटक पडते. म्हणून भिंगापुढे काळसर काच लावतात. तिला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणतात. सहा स्टॉपचा फिल्टर प्रकाशाचा चौसष्टावा भागच आत सोडतो. १/६० सेकंदात होणारे चित्र मग सुमारे एक सेकंद घेते. ‘न्यूट्रल’ म्हणजे तटस्थ; कोणत्याही रंगाची बाजू न घेणारा. असा तटस्थपणा दुर्मीळच, हे आपण मंडळाच्या निवडणुकीतही पाहिले आहे. कोणता फिल्टर निळसर झाक देतो, कोणता तपकिरी, कोणता जांभळट. आणि एकावर एक दोन लावले की दोघांचे दोष एकत्र होतात.

डिसेंबर २०२२ च्या सहलीत आम्ही स्वस्तातला असा एक फिल्टर नेला होता. मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांना लहानथोर सारेच आजोबा म्हणत, ते कठड्याजवळ बसले होते. काळी टोपी, पांढरे धोतर, मागे प्रपात. “सेकंदभर हलू नका,” असे आम्ही म्हणताच ते हसले. त्यांच्या तरुणपणी स्टुडिओत श्वास रोखून बसायची रीतच होती. ते तसेच बसले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, आणि तेच त्यांचे अखेरचे छायाचित्र ठरले.

चित्र उघडले तेव्हा संगमरवर जांभळट आणि धोतरही जांभळट. त्याचा उपाय ठाऊक होता. कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, म्हणजे रॉ स्वरूपातली नोंद आम्ही ठेवली होती. आणि त्याच उजेडात, त्याच फिल्टरमधून करड्या रंगाच्या प्रमाणित पत्र्याचेही एक चित्र घेतले होते. (साधा पांढरा कागद यासाठी घेऊ नये, त्यात बहुधा निळसर चमक देणारे द्रव्य असते.) तो पत्रा करडा दिसेपर्यंत लाल, हिरवा व निळा यांचे प्रमाण बदलायचे, यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. दगड शुभ्र झाला, धोतर शुभ्र झाले. मोठ्या समाधानाने आम्ही चित्र आजींकडे नेले.

आजींनी चष्मा पुसला, पाहिले आणि म्हणाल्या, “ह्यांची टोपी अशी नव्हती हो.”

टोपी तांबूस तपकिरी दिसत होती. पन्नास वर्षे काळ्या टोपीखेरीज घराबाहेर न पडलेल्या माणसाला आम्ही तपकिरी टोपी घातली होती!

कारण शोधता उलगडा झाला. तो फिल्टर डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवतो, पण तांबड्याच्या पलीकडचे अवरक्त किरण बव्हंशी सोडून देतो. कॅमेऱ्याच्या आतही त्यांना अडवणारी काच असते, परंतु थोडे किरण तिच्यातूनही निसटतात. एरवी ते नगण्य. दृश्य प्रकाश चौसष्टपट घटला की मात्र त्यांचाच वाटा वाढतो, आणि ते मुख्यतः लाल म्हणून नोंदले जातात. पांढरा दगड भरपूर दृश्य प्रकाश परतवतो, म्हणून तेथे हा दोष बुडून जातो. काळ्या कापडाचे अनेक रंग मात्र दृश्य प्रकाश शोषून घेतात आणि अवरक्त परतवतात. व्हाइट बॅलन्स साऱ्या चित्राला एकच माप लावतो. टोपीचा निराळा दोष त्याने जाणार कसा? फिल्टर अवरक्तही अडवणारा घ्यावा, हाच खरा इलाज; अथवा फिल्टर काढून एक चित्र जोडीला घेऊन ठेवावे. आम्ही दोन्हींपैकी काहीच केले नव्हते.

अखेर नातवाने ती टोपी ट्रंकेतून काढून दिली. आम्ही ती पुन्हा भेडाघाटला नेली, त्याच वेळी, त्याच कठड्यावर ठेवून फिल्टरविना टिपली आणि तिच्याशी ताडून मूळ चित्रातील तेवढाच भाग सुधारला. हे हातचे काम आहे, हे मान्य. चेहऱ्याला मात्र आम्ही हात लावलेला नाही. सायंकाळच्या उन्हाची पिवळी झाकही तशीच ठेवली, कारण ती फिल्टरची नव्हे, उन्हाची आहे.

ते चित्र स्मरणिकेत छापले जाणार आहे. छपाईत टोपी पुन्हा तांबूस उतरू नये म्हणून नमुन्यादाखल ती टोपीच मुद्रकाकडे पाठवली आहे. आजींनी ती पंधरा दिवसांत परत मागितली आहे.