बाळंतिणीची वेदना आणि औषधयोजना



बाळंतिणीने वेदना मुकाट्याने सोसाव्यात, गोळी घेतल्यास ती दुधावाटे बाळास बाधेल, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. परंतु वेदनेने बेजार झालेली माता बाळास नीट पाजूही शकत नाही.

वस्तुतः पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन ही औषधे दुधात अत्यल्प उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसूतिमार्गालगतच्या वेदनेवर पॅरासिटामॉलला अग्रक्रम दिला. गर्भाशय आकसताना येणाऱ्या कळांवर आयबुप्रोफेनच्या वर्गातील औषधेही चालतात. मात्र मूत्रपिंडाचा वा जठरव्रणाचा विकार असल्यास तो डॉक्टरांस आधी सांगावा. शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय औषध लागलेच, तर ते अल्प मात्रेत व मोजकेच दिवस द्यावयाचे असते. त्यांतील कोडीन व ट्रॅमाडॉल अंगावर पाजणाऱ्या मातेने घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. कारण काही स्त्रियांच्या शरीरात त्यांचे झपाट्याने अधिक तीव्र द्रव्यांत रूपांतर होते आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो.

यास्तव लेकीसुनांना "सोस" म्हणण्याऐवजी "डॉक्टरांस सांग" असे म्हणावे. वेदना वाढत चालली वा ताप आला, तर गोळीने ती दडपू नये; तत्काळ दाखवावे.