खरवडण्याआधी एक पाकीट



निवेदकांनी माझी ओळख ‘शेवाळवाले’ अशी करून दिली. गावात सगळे तेच म्हणतात, त्यामुळे राग नाही. पण मी ज्याच्या मागे फिरतो ते शेवाळ नव्हे, ते मॉस आणि लिव्हरवर्ट. शाळेत आपण ‘वनस्पतिसृष्टीचे उभयचर’ असं एका गुणासाठी पाठ केलं होतं, ते हेच. राहतात जमिनीवर, पण यांच्या नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहत जावं लागतं. तेवढ्यापुरता का होईना, पाण्याचा थर हवाच. म्हणून आपल्याकडे यांचा खरा हंगाम पावसाळ्याचा.

ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. बारीक देठाभोवती इवली पानं दिसली तर बहुधा मॉस. हिरवी चपटी पट्टी दगडाला किंवा मातीला चिकटून पसरली असेल तर लिव्हरवर्ट. पानं असलेली लिव्हरवर्टही असतात, पण ती आज राहू द्या. घाटाच्या दरडीवर प्लॅजिओकाझ्मा उन्हाळ्यात पाहिलंत तर काळपट सुरळी दिसेल, मेलेलं वाटेल. कडा आत वळवून ते पडून असतं. पाणी मिळालं की उलगडतं. भातखाचरात रिक्सियाची चकत्यांसारखी वाढ दिसते. तिचे बीजाणू अंगातच तयार होतात आणि अंग कुजल्यावरच मोकळे होतात. आणि सह्याद्रीतल्या कपारींच्या ओल्या अंधारात सायाथोडियम उगवतं, ते चक्क सोनेरी-हिरवं चमकतं. स्वतःचा प्रकाश नाही हो, बाहेरून येणारा थोडासा उजेड ते परतवतं. पहिल्यांदा पाहणारा मात्र दोन पावलं मागे सरकतो!

भारतात यांच्या अडीच हजारांहून अधिक जाती आहेत. जी. टी. दाभाडे यांचं 1998 सालचं पुस्तक खंडाळा आणि महाबळेश्वरच्या मॉसवर आहे. माणूस जिथे पुन्हा पुन्हा जातो तिथली नोंद होते, हा साधा हिशोब आहे. भीमाशंकरच्या वाटेवर आपण राहतो. आपण नाही जायचं तर कोणी?

नोंद म्हणजे मोबाइलवरचा फोटो नव्हे. फोटो घ्याच, पण मॉसच्या पुष्कळ जाती पानाच्या पेशी आणि बोंडाच्या तोंडाचे दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाहीत. म्हणून नमुना लागतो. काडेपेटीएवढा पुरे, सगळा गालिचा उचलायचा नाही. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून सावलीत वाळवायचा. चांगला वाळलेला नमुना वर्षानुवर्षं टिकतो आणि पाण्याचा थेंब टाकला की पानं पुन्हा पसरतात. पाकिटावर तारीख, गाव, नेमकी जागा, उंची, गोळा करणाऱ्याचं नाव आणि तो कशावर होता ते लिहायचं. ‘झाडावर’ एवढं लिहून चालत नाही. आंब्याच्या सालीवर, उत्तरेच्या बाजूला, जमिनीपासून दोन हातांवर, असं हवं. अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र 1955 पासून आहे. अशा ठिकाणच्या जाणकारांसमोर ठेवायचा नमुना असाच लागतो. लेबल नसलेला नमुना म्हणजे नुसता पाला.

आता मुद्द्याचं. दिवाळीनंतर आपल्या बॅचने मंचरच्या जुन्या बारवेची सफाई करायचं ठरवलं आहे. तारेचे ब्रश आणायचं ठरलं, कोणीतरी ॲसिडही सुचवलं. ॲसिडला माझा साफ विरोध आहे, दगडासाठीसुद्धा. बाकी सफाई करू नका असं मी म्हणणार नाही. पायऱ्या निसरड्या होतात, सांध्यांत ओल धरून राहते, हे मलाही दिसतं. पण त्या दगडांवर काय वाढतंय ते खरवडण्याआधी लिहून ठेवू. उन्हातली भिंत, सावलीतली भिंत, पाण्यालगतची पायरी, प्रत्येकीचं वेगळं पाकीट. एकदा घासलं की तिथे काय होतं ते विचारायला कोणी उरत नाही. मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेतलं एक कपाट द्यायचं कबूल केलंय. दरवर्षी त्याच पायऱ्यांवर जाऊन काय परत आलं ते नववीची मुलं पाहतील.

उद्या सकाळी साडेसातला बारवेवर जमू. येताना जुनी वर्तमानपत्रं, पेन्सिल आणि घरात असेल ते भिंग आणा. पेन नको, शाई ओलीत पसरते. आणि पायात चपला नकोत, बूट घाला. गुडघे आता दहावीतले राहिलेले नाहीत.