परक्या मुलुखातील परवाना

औंढा नागनाथाहून वसमतेकडे जाणाऱ्या वाटेवर शिरड शहापूर हे गाव आहे. भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे दूरदूरचे यात्रेकरू तेथे येतात. भोवतालचा मुलूख हळदीसाठी नावाजलेला आहे. या गावाने आपली जागा तसूभरही सोडलेली नाही. परंतु सरकारी कागदावर पाहावे, तर गेल्या पाऊणशे वर्षांत त्याने इतका प्रवास केला आहे की, एखाद्या व्यापाऱ्यानेही केला नसेल. १९४८ सालच्या १७ सप्टेंबरापर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. पुढे ते भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात मोडू लागले. १९५६ साली ते मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात आले, आणि १९९९ सालच्या १ मे रोजी परभणी जिल्हा दुभंगून हिंगोली जिल्हा झाला तेव्हा ते हिंगोलीत गणले गेले. गावात बसून राहणाऱ्यास या बदलांची फारशी तोशीस पडत नाही. जो गाव सोडून परदेशी जातो, त्याला मात्र त्यातील प्रत्येक बदलाचा हिशेब केव्हा ना केव्हा कोणत्या तरी खिडकीपाशी द्यावा लागतो.

परका कोण आणि आपला कोण, हा प्रश्न या मुलुखास नवा नाही. निजामाच्या राज्यात ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ असा भेद होता. सरकारी चाकरी मुल्कीस मिळावयाची, आणि १९१९ च्या फर्मानाप्रमाणे मुल्की ठरण्यास राज्यात पंधरा वर्षांचा रहिवास लागे. उलटपक्षी याच राज्यातील मनुष्य समुद्रापलीकडे जाऊ लागला, म्हणजे इंग्रजांच्या लेखी तो ‘ब्रिटिश प्रजाजन’ नसे. देशी संस्थानांतील रयतेस ‘ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील व्यक्ती’ अशी निराळी संज्ञा असे. पुण्याचा मनुष्य एका जातीचा आणि परभणीचा दुसऱ्या जातीचा, असा हा कागदी वर्णाश्रम होता!

पासपोर्टाची सक्ती ही तशी अलीकडची गोष्ट आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीचे शिक्षण घेण्यास अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांच्यापुढे अडचणी कमी नव्हत्या. पण त्या पैशाच्या, प्रकृतीच्या आणि लोकापवादाच्या होत्या. व्हिसा ही अडचण त्यांत नव्हती. पहिल्या महायुद्धाने सर्व राष्ट्रांस एकमेकांविषयी संशय घ्यावयास शिकविले, आणि आपल्याकडे १९२० सालच्या कायद्याने पासपोर्टावाचून देशात पाऊल टाकण्यास बंदी झाली. या कागदाच्या सामर्थ्याचे मोठे उदाहरण म्हणजे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतील हा क्रांतिकारक मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून मान्यता पावला. देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ साली तो मायदेशी येऊ लागला, तेव्हा इंग्रजांच्या काळ्या यादीतील नाव त्याच्या आड आले. यादी करणारे गेले होते. यादी राहिली होती. स्वतंत्र भारतातही पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी समजली जाई. परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात दिला, आणि त्याच वर्षी पासपोर्टाचा नवा कायदा झाला.

हे सर्व मोठ्या माणसांविषयी झाले. आजचा प्रवासी बहुधा साधा असतो. मराठवाड्यातील एखादा अभियंता, त्याची पत्नी, दोन वर्षांचे मूल. त्यांच्यावर कोणाची वक्रदृष्टी नसते. त्यांच्यापुढची अडचण मोटार चालविण्याच्या परवान्याची असते, आणि शहरात ट्राम व बस यांच्या आधाराने वाढलेल्या श्रोत्यांस ती क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे.

ती क्षुल्लक का नाही, हे पाहण्यापूर्वी एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. हिंगोलीच्या परिवहन कार्यालयातून ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ घेतला, म्हणजे जगात कोठेही मोटार चालविता येते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्या पुस्तिकेस परवाना म्हणण्यापेक्षा दुभाष्या म्हणणे अधिक योग्य होईल. १९२६ सालच्या पॅरिसच्या आणि पुढे १९४९ सालच्या जिनीव्हाच्या करारान्वये राष्ट्रांनी असे ठरविले की, एका देशातील चालकाची योग्यता दुसऱ्या देशातील शिपायास वाचता यावी. मूळ परवान्याचा अनेक भाषांतील अनुवाद, एवढेच तिचे स्वरूप. तिची मुदत फार तर एक वर्ष, आणि ती पाहुण्यासाठी आहे. पाहुणा रहिवासी झाला की तिचा उपयोग संपला.

आणि पाहुणा रहिवासी केव्हा होतो, हे प्रत्येक देश आपल्या तंत्राने ठरवितो. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सामान्यतः सहा महिने आपला परवाना चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, कारण ज्या देशांचे परवाने विनापरीक्षा बदलून मिळतात त्यांच्या यादीत भारत नाही. इंग्लंडात ही मुदत बारा महिन्यांची आहे. ती उलटली की, नांदेड-परभणीच्या रस्त्यांवर पंधरा वर्षे मोटार चालविलेल्या गृहस्थास गाडीला तांबडे ‘एल’ अक्षर चिकटवून, शेजारी अनुभवी चालक बसवून, पुन्हा उमेदवार व्हावे लागते. संयुक्त अरब अमिरातींतही कित्येक देशांचे परवाने बदलून मिळतात. भारतीयास मात्र परीक्षेचीच वाट धरावी लागते. यात अन्यायच आहे असे म्हणवत नाही. आपल्याकडे परवाना मिळविण्याची परीक्षा कित्येक ठिकाणी कशी उरकली जाते, हे कोणास ठाऊक नाही? शिवाय जर्मनीत, अमेरिकेत, अमिरातींत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. हाताची सवय मोडण्यास थोडा वेळ हवाच, आणि त्या वेळात दुसऱ्याचा जीव धोक्यात येऊ नये, ही अपेक्षाही रास्त आहे.

खरी गुंतागुंत आहे ती अमेरिकेत. तेथे परवाना देण्याचा अधिकार प्रत्येक राज्याचा. परंतु परक्या मनुष्याने किती दिवस राहावे, हे ठरविणार मध्यवर्ती सरकार. २००५ साली तेथे ‘रिअल आयडी’ नावाचा कायदा झाला. त्याप्रमाणे तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी असलेल्यास जो परवाना मिळावयाचा, तो त्या परवानगीच्या मुदतीपुरताच असावा, असे ठरले. ‘एच-१बी’ या वर्गातील परवानगी सामान्यतः एका वेळी तीन वर्षांपर्यंतची असते. ती संपावयाच्या आधी मालकाने मुदतवाढीचा अर्ज केला, तर निर्णय लागेपर्यंत २४० दिवस काम करीत राहण्याची मुभा कायदा देतो. म्हणजे नोकरी वैध, वास्तव्य वैध. पण खिशातील परवान्यावर जुनीच तारीख. ती तारीख उलटली की कामावर जाण्याचा अधिकार आहे, परंतु कामावर मोटार चालवीत जाण्याचा अधिकार नाही, अशी चमत्कारिक अवस्था प्राप्त होते. काही राज्ये अर्जाची पोच पाहून परवाना थोडा वाढवून देतात, काही देत नाहीत, आणि एकाच राज्यातील दोन खिडक्यांवर दोन उत्तरे मिळाल्याच्या कहाण्या मराठी मंडळींच्या घरोघरी ऐकू येतात.

पुरुष कसाबसा मार्ग काढतो. सोबत्याच्या गाडीतून जातो, भाड्याची गाडी करतो. हाल होतात ते त्याच्या पत्नीचे. ‘एच-४’ या वर्गात ती आलेली असते. २०१५ पासून या वर्गातील काही स्त्रियांस काम करण्याची परवानगी मिळू लागली. उरलेल्यांस ती नाही. ज्यांना कामाची परवानगी नाही, त्यांना सामाजिक सुरक्षा क्रमांकही मिळत नाही. परवान्याच्या कचेरीत गेल्यावर तोच क्रमांक प्रथम विचारला जातो. मग कित्येक राज्यांत त्या बाईने आधी सामाजिक सुरक्षा कचेरीत जावयाचे, ‘हिला क्रमांक मिळू शकत नाही’ असे लेखी पत्र आणावयाचे, आणि ते नकाराचे पत्र दाखवून परवाना मागावयाचा. नकार हाच पुरावा! आणि या दोन्ही कचेऱ्या गावाच्या दोन टोकांस असतात. तेथे न्यावयास मोटार हवी. अमेरिकेतील पुष्कळ उपनगरांत पायी चालण्यास फरसबंदी नाही, बस नाही, किराणा दुकान तीन-चार मैलांवर. मूल तापले तर वैद्याकडे नेण्यासाठी पतीच्या सुटीची वाट पाहावयाची. ज्या मुलीने हिंगोलीच्या बाजारातून स्कूटर चालविली, महाविद्यालयात वरचा क्रमांक मिळविला, ती तेथे खिडकीतून रस्त्याकडे पाहत बसते. परदेशच्या वैभवाच्या गोष्टी माहेरी सांगताना ती हे सांगत नाही.

नावाचा घोळ हा आणखी एक स्वतंत्र अध्याय होईल. आपल्या पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे; लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, कोठे कोठे पहिलेही बदलते. पासपोर्टावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, परवान्यावर तिसरे. परक्या देशातील यंत्रास ‘ही एकच बाई’ हे समजावून सांगणारी सासूबाई तेथे नसते. गावाच्या नावाचीही तीच गत. जन्माचा जुना दाखला परभणी जिल्ह्याचा आणि आजचा पत्ता हिंगोली जिल्ह्याचा; शिवाय शहापूर म्हटले की ठाणे जिल्ह्यातील तालुका प्रथम पुढे येतो, आणि बेळगावचे शहापूर आहेच. रोमन लिपीत ‘शिरड’ शब्दाचे वर्णविन्यास किती प्रकारे होतात, ते निराळेच. जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच सर्व कागदांवरील नाव, जन्मस्थान आणि तारीख एकाच वळणाची करून घ्यावी. घरी राहून जे काम एका फेरीत होते, त्यास तेथून सहा महिने लागतात.

सर्वांत कठीण प्रसंग येतो तो घरून तार यावी तसा निरोप आल्यावर. वडील आजारी आहेत, निघून ये. मनुष्याचे अमेरिकेतील वास्तव्य पूर्ण कायदेशीर असते, परंतु पासपोर्टावरील व्हिसाचा शिक्का मात्र मुदत संपलेला असतो. आत राहण्यास तो शिक्का लागत नाही. बाहेर पडून परत शिरण्यास लागतो. २००४ पर्यंत हा शिक्का अमेरिकेत राहूनच नवा करून घेता येत असे. बोटांच्या ठशांची सक्ती झाली आणि ती सोय बंद पडली. २०२४ सालच्या आरंभी वीस हजार अर्जांपुरता तिचा प्रयोग पुन्हा करण्यात आला, तो एच-१बीधारकांसाठी, कुटुंबीयांसाठी नव्हे. तेव्हा आजारी पित्यास भेटावयास येणाऱ्याने मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीचा दिवस मिळवावयाचा. २००८ साली हैदराबादेतही अशी वकिलात उघडली असून, तेथे दिवस मिळाला तर मराठवाड्याचा मनुष्य आपल्या आजोबांच्या जुन्या राजधानीकडे धाव घेतो. पित्याच्या उशाशी बसावे की त्या दिवसाच्या शोधात राहावे, असा पेच पडतो. कित्येक जण म्हणून येतच नाहीत. गावातील लोक त्यास मुलाचा कठोरपणा समजतात.

आपल्या सरकारनेही काही गाठी सैल केल्या आहेत, हे नमूद केले पाहिजे. पूर्वी आंतरराष्ट्रीय पुस्तिकेसाठी वैद्यकीय दाखला आणि व्हिसा आधी दाखवावा लागे. काही देश व्हिसा विमानतळावर उतरल्यावरच देतात, त्यांच्या बाबतीत ही अट निव्वळ हास्यास्पद होती. जानेवारी २०२१ मधील दुरुस्तीने ती गेली. परदेशी असताना पुस्तिकेची मुदत संपली, तर भारतीय वकिलातीमार्फत नवी मागविता येते, अशीही तरतूद त्याच वेळी झाली.

मूळ परवान्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तो येथल्या कपाटात पडून असतो आणि त्याची मुदत निमूटपणे सरते. २०१९ सालच्या सुधारणेनंतर नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वी एक वर्ष अथवा मुदतीनंतर एक वर्ष या अवधीत करता येतो. त्याहून उशीर झाला, तर चालकाची चाचणी पुन्हा द्यावी लागते. मग त्याने मधल्या काळात म्युनिच, लंडन आणि शिकागो येथील तिन्ही परीक्षा उत्तीर्ण केलेल्या असोत. असे परतलेले गृहस्थही हिंगोलीच्या कचेरीत अठरा वर्षांच्या पोरांबरोबर रांगेत उभे राहतात, आणि उजव्या बाजूने गाडी चालविण्याची लागलेली सवय तपासनिसासमोर उफाळून येऊ नये, याची चिंता करतात.