सहा बॉम्ब आणि एक मतपेटी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)

स्वतः अण्वस्त्रे तयार करून ती स्वतःच्याच हाताने मोडून टाकणारा देश जगाच्या इतिहासात एकच आहे : दक्षिण आफ्रिका. या कृतीचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते योग्यच आहे. परंतु ती शस्त्रे कोणी, कोणाच्या श्रमावर आणि कशासाठी उभी केली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या कथेचा आरंभ सोन्याच्या खाणीत होतो. विटवॉटर्सरँडच्या सोन्याबरोबर युरेनियमही निघते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन व अमेरिका या दोन्ही राष्ट्रांना आपल्या अण्वस्त्रांसाठी ते हवे होते. खाणीत उतरणारा मजूर काळा, पासच्या कायद्याने जखडलेला. विक्रीचा लाभ मात्र गोऱ्या भांडवलाचा आणि गोऱ्या सरकारचा. पुढे अमेरिकेनेच ‘शांततेसाठी अणू’ या योजनेखाली दिलेली सफारी-१ ही संशोधन भट्टी १९६५ साली पेलिंडाबा येथे सुरू झाली.

येथे थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे. नैसर्गिक युरेनियममध्ये भट्टीला वा बॉम्बला उपयोगी पडणारे २३५ भाराचे अणू हजारात केवळ सात असतात. बहुतेक वीजकेंद्रांना त्यांचे प्रमाण शेकडा तीन ते पाच पुरते. बॉम्बसाठी ते नव्वदच्या आसपास न्यावे लागते. हे अंतर मोठे वाटते, पण तो भास आहे. बॉम्बपर्यंतच्या एकूण खटाटोपापैकी निम्म्याहून अधिक खटाटोप पहिल्या चार टक्क्यांपर्यंत येण्यातच संपतो. म्हणूनच ‘आमचे समृद्धीकरण विजेसाठीच आहे’ हे कोणत्याही सरकारचे आश्वासन तपासणीवाचून स्वीकारता येत नाही.

असे आश्वासन पंतप्रधान फोर्स्टर यांनी जुलै १९७० मध्ये संसदेत दिले. मग पेलिंडाबाशेजारी व्हॅलिंडाबा येथे कारखाना उभा राहिला. युरेनियमचा वायू हायड्रोजनमध्ये मिसळून नळ्यांतून प्रचंड वेगाने गरगर फिरवायचा, म्हणजे जड अणू बाहेरच्या बाजूला सरकतात, अशी ती पद्धती होती. तिला वीज अतोनात लागे. तेथे वीज स्वस्त होती, कारण कोळसा स्वस्त होता. आणि कोळसा स्वस्त होता याचे एक मोठे कारण म्हणजे काळ्या खाणकामगाराची मजुरी स्वस्त होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा हिशेब विसरू नये.

ऑगस्ट १९७७ मध्ये सोव्हिएत उपग्रहाने कालाहारी वाळवंटातील चाचणीची तयारी टिपली. आंतरराष्ट्रीय दडपणामुळे ती चाचणी रद्द झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरक्षा समितीने शस्त्रबंदी लादली. तरी काम थांबले नाही. १९८९ पर्यंत सहा बॉम्ब पूर्ण झाले होते व सातवा अपुरा होता.

आणि या सहा बॉम्बनी काय साधले? १९७६ साली सोवेटोतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १९८७ साली लाखो खाणकामगार संपावर गेले. अणुबॉम्ब संप मोडू शकत नाही, शाळकरी मुलांना गप्प बसवू शकत नाही. आपल्याच जनतेला भिणाऱ्या राजवटीजवळचे ते सर्वांत निरुपयोगी शस्त्र ठरले.

डी क्लार्क सरकारने फेब्रुवारी १९९० मध्ये समृद्धीकरणाचा तो कारखाना बंद केला. त्याच महिन्यात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरील बंदी उठली आणि नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले. जुलै १९९१ मध्ये देशाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली. संसदेला आणि जनतेला हे सारे कळले ते २४ मार्च १९९३ रोजी; तोवर बॉम्ब मोडले गेले होते आणि त्यासंबंधीची बहुतेक कागदपत्रेही नष्ट केली होती. अंगोलातून क्यूबाचे सैन्य परत जाऊ लागले होते, सोव्हिएत धोका उरला नव्हता, असे कारण सांगण्यात आले. ते खोटे नाही. पण पुरेसेही नाही. बहुसंख्यांच्या हाती सत्ता जाणार हे दिसू लागल्यावरच ही घाई झाली, असे मला वाटते.

तरीही निष्पत्ती मोलाची आहे. एप्रिल १९९४ मध्ये मतपेटीतून आलेल्या सरकारने बॉम्ब परत मागितला नाही. उलट १९९६ साली आफ्रिका खंड अण्वस्त्रमुक्त ठेवण्याचा जो करार झाला, त्याला पेलिंडाबाचेच नाव मिळाले. २००९ पासून तो अमलात आहे.

साथींनो, आपणही अण्वस्त्रधारी देशाचे नागरिक आहोत. अणुकार्यक्रम कोणताही असो, कोणाच्या पैशाने, कोणाविरुद्ध आणि कोणाला विचारून, हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार जनतेने सोडता कामा नये. दक्षिण आफ्रिकेत ते विचारण्याची सोयच नव्हती. आपल्याकडे ती आहे. तिचा वापर करणे हे आपले काम आहे.