इंजिनाची भूक आणि इंधनपंपाची निवड



विहिरीवर विजेचा पंप बसविताना जाणता शेतकरी प्रथम दोन गोष्टी ठरवितो : पाणी किती हवे आणि ते किती उंच चढवायचे. उंची वाढली की त्याच पंपाचे पाणी कमी होते, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. मोटारीच्या इंधनपंपासही हाच नियम लागू पडतो. तेथे उंचीची जागा दाब घेतो, इतकाच काय तो फरक.

कार्ब्युरेटरच्या इंजिनास सुमारे ०.२ ते ०.४ बार इतका अल्प दाब पुरतो. अधिक झाल्यास पेट्रोल ओसंडते. हवेच्या नळीत पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना मात्र सामान्यतः ३ ते ४ बार दाब लागतो. म्हणून एकाचा पंप दुसऱ्यास चालत नाही.

शर्यतीसाठी टर्बोचार्जर बसविलेल्या ३०० अश्वशक्तीच्या इंजिनाचे उदाहरण घ्यावे. पूर्ण जोरात असताना ते दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल जाळते. म्हणजे ताशी ८१ किलो, अर्थात सुमारे ११० लिटर. २०२५ पर्यंत देशभर रूढ झालेले २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरल्यास आणखी ६ ते ७ टक्के इंधन लागते. त्यावर पाचवा हिस्सा राखीव धरता गरज ताशी १४० लिटरांवर जाते.

टर्बोचार्जर १ बार जादा दाबाने हवा कोंबत असेल, तर इंजेक्टरच्या तोंडाशी तेवढाच विरोध निर्माण होतो. म्हणून इंधनाचा दाब ३ बारवरून ४ बारवर न्यावा लागतो, आणि भूक सर्वाधिक असते त्याच वेळी पंपाचा पुरवठा घटतो. वेष्टनावरील मोठा आकडा कमी दाबावर मोजलेला असू शकतो. यास्तव ४ बार दाबावर पंप किती लिटर देतो, हे तक्त्यात पाहूनच खरेदी करावी. तार बारीक वा जोड सैल असल्यास व्होल्टेज उतरते आणि चांगला पंपही उणा पडतो.

पंप उणा पडला तरी गाडी लगेच थांबत नाही. खरा धोका हाच होय. पेट्रोल कमी पडलेले मिश्रण भलत्या वेळी भडकते, उष्णता वाढते आणि अल्पावधीत पिस्टनला भोक पडते. दोष मात्र पिस्टनच्या माथी मारला जातो.

फाजील मोठा पंपही हितावह नव्हे. जादा पेट्रोल सतत टाकीत परतून तापते. परतीची नळी अरुंद असल्यास दाब आवरत नाही. टाकीतील पंप पेट्रोलनेच थंड राहत असल्याने टाकी तळास जाऊ देऊ नये. नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्याच असाव्यात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरबदल वाहनात करता येत नाही, याचेही स्मरण ठेवावे. शक्ती वाढविलेली इंजिने शर्यतीच्या मार्गावरच शोभतात.

वरील हिशेब शाळेतील मुलांनाही सुटण्याजोगा आहे. शिक्षकांनी तो वर्गात अवश्य मांडावा. आधी मोजमाप, मग खरेदी, ही सवय विहिरीवर आणि गॅरेजात सारखीच उपयोगी पडेल.