महाजालावरील ज्ञान : गाळून घेण्याची विद्या

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी विद्यार्थ्यांशी चार शब्द बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विज्ञान, आरोग्य आणि गणित या तीन विषयांची विश्वसनीय माहिती महाजालावर कशी शोधावी, हा आजचा विषय. वरवर पाहता तो केवळ विद्यार्थ्यांचा वाटेल. परंतु त्याचा संबंध घरातील प्रत्येकाशी आहे, हे पुढील विवेचनावरून आपल्या लक्षात येईल.

पन्नास वर्षांपूर्वी मुखेडच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकापलीकडचे काही वाचावयाचे असेल, तर नांदेड किंवा लातूर गाठावे लागे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. ते जाडजूड खंड ज्या ग्रंथालयात असतील तेथे जाऊनच पाहावे लागत. आज तोच विश्वकोश खिशातील भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येतो. तेव्हा ज्ञानाची टंचाई होती. आज माहितीचा महापूर आहे. पण पुराचे पाणी दारात आले म्हणून ते ओंजळीने पिता येत नाही. पाणी गाळून प्यावे, हा संस्कार आपल्या घराघरांत लहानपणापासून दिला जातो. तोच नियम आता माहितीला लावण्याची वेळ आली आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम आरोग्याचा विचार करू, कारण तेथे चुकीची माहिती थेट प्राणावर बेतते. आपला भाग शेतीचा. पावसाळ्यात सर्पदंशाची वार्ता ऐकू आली नाही, असे वर्ष जात नाही. अशा वेळी घाबरलेले घर भ्रमणध्वनी हाती घेते. त्यावर काय दिसते? दंशाच्या वर घट्ट दोरी बांधा, ब्लेडने चीर द्या, तोंडाने विष ओढा, अमुक मुळी उगाळून पाजा, अमुक ठिकाणी उतारा मिळतो. लाखो लोकांनी पाहिलेली चित्रफीत असली, तरी हे सारे उपाय घातक अथवा निरुपयोगी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना मात्र साध्या आणि स्पष्ट आहेत : रुग्णाला धीर द्यावा, त्याला चालू देऊ नये, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठी व बांगड्या काढाव्यात आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडील चार प्रमुख विषारी सापांच्या विषावर प्रतिविष हेच औषध आहे आणि ते रुग्णालयातच द्यावे लागते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. दोरी बांधण्यात आणि मुळी शोधण्यात गेलेला अर्धा तास पुन्हा मिळत नाही.

या बाबतीत मुखेडकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. आपल्या गावचे डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंशावरील उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ या वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंधाच्या रूपाने मांडला. मुखेडच्या रुग्णांवरून मिळालेले ज्ञान त्यामुळे जगभरातील वैद्यांसमोर गेले. पुढे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

आता विचार करा. एकाच भ्रमणध्वनीवर मुळी उगाळण्याचा सल्लाही येतो आणि डॉक्टरांचा शोधनिबंधही येतो. दोन्हींमध्ये भेद कोणता? शोधनिबंधावर लिहिणाऱ्याचे नाव आहे. त्याने कोणत्या रुग्णांवरून निष्कर्ष काढला हे सांगितले आहे. वर्ष दिलेले आहे. आणि छापण्यापूर्वी त्या विषयातील इतर जाणकारांनी तो तपासलेला आहे. मुळीच्या सल्ल्यापाशी यांतील एकही गोष्ट नाही. तेथे फक्त ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ एवढीच विनंती असते.

यावरून विद्यार्थ्यांनी चार प्रश्न पाठ करून ठेवावेत. हे कोण सांगत आहे? कशावरून सांगत आहे? केव्हा सांगितले आहे? आणि हे सांगण्यात त्याला काही विकावयाचे आहे काय? चारही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर आणखी एका स्वतंत्र ठिकाणी तीच गोष्ट पडताळून पाहावी. यास पाच मिनिटेदेखील लागत नाहीत.

कोणी म्हणेल, मोठ्या माणसाने सांगितले आहे, जुन्या ग्रंथात लिहिले आहे, मग पडताळणी कशाला? याचे उत्तर गणितातील एका उदाहरणाने देतो, आणि ते उदाहरण आपल्याच परंपरेतील आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, जैन गणितज्ञ महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवीत आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अनेक इतिहासकार मानतात. शेजारच्या कंधारलाही राष्ट्रकूटांच्या खुणा आहेत. म्हणजे हा ग्रंथ ज्या राज्यात लिहिला गेला, त्याच भूमीत आपण बसलो आहोत. अनेक वस्तूंतून काही वस्तू किती प्रकारांनी निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियम महावीराचार्यांनी दिला. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही त्यांनी नोंदविले. युरोपात हे विषय रुळण्यापूर्वी कित्येक शतके हे घडले.

त्याच ग्रंथात त्यांनी असेही म्हटले आहे की, संख्येला शून्याने गुणले तर शून्य येते आणि शून्याने भागले तर संख्या तशीच राहते. यातील पहिले विधान बरोबर आहे. दुसरे आपण तपासून पाहू. १२ भागिले ३ बरोबर ४, कारण ४ गुणिले ३ बरोबर १२. त्याच न्यायाने १२ भागिले शून्य बरोबर १२ असेल, तर १२ गुणिले शून्य हे १२ आले पाहिजे. पण ते शून्य येते, असे आचार्यांनीच सांगितले आहे. म्हणजे दुसरे विधान टिकत नाही. भास्कराचार्यांनी १२व्या शतकात अशा राशीला ‘खहर’ असे वेगळे नाव दिले, आणि आजचे गणित शून्याने भागाकार अव्याख्यात मानते. यामुळे महावीराचार्यांची थोरवी कणभरही उणी होत नाही. उलट, सातवीतला विद्यार्थी पाटीवर त्यांचे विधान तपासू शकतो, हेच गणिताचे वैभव आहे. स्वाध्यायाच्या अंगांमध्ये वाचनेच्या जोडीला पृच्छनेला, म्हणजे प्रश्न विचारण्याला, स्थान दिले आहे, ते उगाच नव्हे.

महाजालावर महावीराचार्यांविषयी अतिशयोक्तीचे बरेच लेख फिरतात. ते वाचण्यापेक्षा मूळ ग्रंथच पाहावा. एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह संपादिलेली प्रत मद्रासहून १९१२ साली प्रसिद्ध झाली, ती ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली आपल्या सोलापुरातून निघाली. गणिताच्या इतिहासासाठी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे ‘मॅकट्यूटर’ हे संकेतस्थळही चांगले आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी काही भरवशाची दारे सांगतो. पहिले दार घरचेच आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर आणि एनसीईआरटीची पुस्तके त्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावर पाठांना जोडलेले साहित्य आहे. गणिताच्या सरावासाठी ‘खान अकॅडमी’ मराठीतही उपलब्ध आहे, आणि भूमितीच्या आकृत्या हलवून पाहण्यासाठी ‘जिओजेब्रा’ उपयुक्त ठरते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिंपियाडच्या मागील प्रश्नपत्रिका उपलब्ध करून देते. विज्ञानाचे प्रयोग घरच्या टाकाऊ वस्तूंतून करावयाचे असतील, तर अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ पाहावे. पुण्यातील आयुका या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी काम केले आणि शेकडो मराठी पुस्तकेही तेथे वाचावयास ठेवली. आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटना, केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे ‘मेडलाइनप्लस’ ही ठिकाणे विश्वसनीय आहेत. अर्थात, त्यांवर वाचून आजार समजून घ्यावा. औषध मात्र डॉक्टरांनीच द्यावे.

अलीकडे प्रश्न विचारताच सुबक मराठीत उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. अवघड गोष्ट सोपी करून घेण्यास त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु ती कधी कधी अस्तित्वात नसलेले ग्रंथ आणि चुकीचे आकडे तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. भाषा सफाईदार आहे म्हणून मजकूर खरा ठरत नाही. तेथेही तेच चार प्रश्न लागू आहेत.

पालकांना एक विनंती आहे. लातूर आणि नांदेड ही शिकवणीची मोठी केंद्रे आहेत. ज्यांना शक्य आहे ते आपल्या मुलांना तेथे ठेवतात. पण आसपासच्या वाडी-तांड्यांवरील ज्या मुलीला घर सोडता येत नाही, तिच्यासाठी घरातील एकुलता एक भ्रमणध्वनी हेच ग्रंथालय आहे. तो तिच्या हाती दिवसातून तासभर तरी निःशंकपणे द्यावा. तिने काय पाहिले याची चौकशी करताना संशयाचा सूर नसावा, कुतूहलाचा असावा.

शेवटी संस्थेच्या विश्वस्तांपुढे एक नम्र सूचना ठेवतो. सुवर्णमहोत्सवाचे स्मरण म्हणून एक खोली, दोन संगणक आणि दर रविवारी गणित-विज्ञानाच्या एका शिक्षकांचा एक तास, एवढी व्यवस्था करावी. आलेली माहिती विद्यार्थ्यांनी तेथे एकत्र बसून तपासावी, आणि जे खोटे ठरेल ते कारणासह फलकावर लिहावे. पहिल्या रविवारी सर्पदंशाचाच विषय घ्यावा, गावातील डॉक्टरांना बोलवावे, आणि तयार झालेला मराठी फलक तालुक्यातील प्रत्येक शाळेत लावावा. ही सेवा सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी खुली असावी, हे मी वेगळे सांगावयास नको. तो फलक वाचून एखाद्या घराने दोरी बांधण्याऐवजी रुग्णालयाची वाट धरली, तरी या खर्चाचे सार्थक झाले असे समजावे.