मुठीएवढीं यंत्रें : खेळण्यांचा संग्रह आणि त्यांचें परीक्षण

प्रौढ माणसानें दुकानांत जाऊन बोटाएवढी मोटार स्वतःसाठीं विकत घ्यावी, ती घरीं आणून दिव्याखालीं धरावी, भिंगांतून तिचीं चाकें न्याहाळावीं आणि वहींत तिची नोंद करावी, हें दृश्य घरच्या मंडळींना बहुधा हास्यास्पद वाटतें. नाणीं जमविणाऱ्यास विद्वान म्हणतात, तिकिटें जमविणाऱ्यास हौशी म्हणतात. खेळणीं जमविणाऱ्याच्या वांट्यास मात्र "अजून पोरपण गेलें नाहीं" एवढाच शेरा येतो. नाण्यावर राजाची मुद्रा असते, तिकिटावर सरकारी छाप असतो. खेळण्यावर फार तर मुलाच्या दांतांच्या खुणा असावयाच्या! परंतु एखाद्या काळानें यंत्रांकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें, तो काळ कोणत्या धातूंत काम करीत होता आणि त्याच्या हातांत किती कसब होतें, याची साक्ष हीं मुठीएवढीं यंत्रें मोठ्या प्रामाणिकपणें देतात. ती साक्ष काढून घेणें हेंच संग्राहकाचें खरें काम होय.

या छंदांत एक जुना वाद आहे, आणि तो वाटतो तितका पोरकट नाहीं. खेळणें पेटींतून बाहेर काढावें, कीं पेटी तशीच बंद ठेवावी? न उघडलेल्या पेटीला बाजारांत कितीतरी पट अधिक किंमत येते. म्हणून पुष्कळ संग्राहक खेळणें विकत घेतात तें कधींहि न उघडण्यासाठीं. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, जें हातांत घेतलें नाहीं, चालवून पाहिलें नाहीं, त्याविषयीं कोणी काय सांगावें? कोणता पक्ष ग्राह्य धरावा हें ठरविण्यापूर्वीं या खेळण्यांचा थोडासा इतिहास पाहणें उपयुक्त होईल.

इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं फ्रँक हॉर्नबी यांची मेकॅनो कंपनी होती. खिळे, पट्ट्या व चाकें जोडून यंत्रें बनविण्याचा मेकॅनोचा खेळ आणि हॉर्नबी नांवाच्या खेळण्यांतल्या आगगाड्या, या दोहोंमुळें ती सर्वत्र प्रसिद्ध झालेली होती. या आगगाड्यांच्या रुळांशेजारीं मांडावयास म्हणून १९३३ सालच्या अखेरीस कंपनीनें सहा लहान वाहनें काढलीं. त्यांत मोटारी होत्या, मालाची गाडी होती, शेतावरील ट्रॅक्टर होता आणि एक रणगाडाहि होता. पुढच्याच वर्षीं त्यांना 'डिंकी टॉइज' हें नांव मिळालें. म्हणजे आगगाडीच्या देखाव्याची शोभा म्हणून जन्मलेली वस्तु अल्पावधींतच स्वतंत्र खेळणें बनली. आरंभीं हीं वाहनें शिशाच्या ओतकामाचीं होतीं. लवकरच त्यांच्या जागीं जस्तप्रधान मिश्रधातु आला. त्याला मझॅक म्हणतात. या धातूंतच पुढील एका शोकान्तिकेचें बीज होतें. तिचा विचार योग्य ठिकाणीं येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्यें लेस्नी नांवाचा एक लहानसा कारखाना निघाला. १९४७ सालीं लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ या दोघां मित्रांनीं तो काढला व आपल्या नांवांचे तुकडे जोडून त्याचें नामकरण केलें. थोड्याच दिवसांत जॅक ओडेल नांवाचा कुशल कारागीर त्यांना येऊन मिळाला. १९५३ सालीं राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहण-समारंभानिमित्त या कारखान्यानें राजरथाची एक चिमुकली प्रतिकृति काढली, आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याच सुमारास ओडेल यांच्या मुलीच्या शाळेंत असा नियम होता कीं, आगपेटींत मावेल एवढेंच खेळणें मुलांनीं शाळेंत आणावें. बापानें मुलीसाठीं पितळेचा एक इवलासा रस्ता-दाबाचा इंजिनगाडा घडविला. शाळेंतील इतर मुलांनाहि तो हवासा वाटूं लागला, आणि त्यांतूनच 'मॅचबॉक्स' या मालिकेचा जन्म झाला. शाळेनें केलेल्या एका नियमानें एका उद्योगाला त्याचें माप ठरवून दिलें, ही मोठी मौजेची गोष्ट होय.

१९६८ सालीं अमेरिकेंतील मॅटेल कंपनीनें 'हॉट व्हील्स' नांवाच्या सोळा गाड्या बाजारांत आणल्या. त्यांचे आंस तारेसारखे बारीक असून चाकें इतकीं सुटीं फिरत कीं, उतारावर सोडलेली गाडी बाणासारखी धांवे. मॅचबॉक्सच्या गाड्या दिसावयास खऱ्याखुऱ्या, पण चालीस मंद. त्यांना दुसऱ्याच वर्षीं आपलीं चाकें बदलावीं लागलीं. तरीहि १९८२ सालीं लेस्नीचें दिवाळें निघालें. पुढें हातोहातीं फिरत मॅचबॉक्स हें नांव १९९७ सालीं प्रतिस्पर्धी मॅटेलच्याच घरीं गेलें.

ही झाली वाहनांची कथा. यंत्रमानवाचें घराणें निराळें आहे. 'रोबॉट' हा शब्द झेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकानें जगाला दिला. त्या भाषेंत वेठबिगारीच्या कामाला जो शब्द आहे त्यावरून तो घडविलेला आहे. त्या शब्दाला खेळण्याचें रूप मात्र मुख्यत्वें जपाननें दिलें. युद्धांत पराभूत झालेल्या त्या देशांत धातूचा दुष्काळ होता. अशा वेळीं मात्सुझो कोसुगे नांवाच्या कारागिरानें अमेरिकन सैनिकांनीं टाकून दिलेले अन्नाचे डबे गोळा केले, ते कापून व ठोकून त्यांची जीपगाडी बनविली, आणि १९४५ सालच्या डिसेंबरांत ती क्योतो शहरांत विकावयास ठेविली. जेत्यांच्या उष्ट्या डब्यांतून जेत्यांच्याच गाडीची प्रतिमा! पुढें जपानी खेळणीं परदेशीं जाऊं लागलीं, तेव्हां १९४७ पासून १९५२ पर्यंतच्या मालावर 'व्याप्त जपानमध्यें तयार केलेलें' अशा अर्थाचा इंग्रजी छाप असे. खेळण्याच्या बुडाशीं असलेली ही एक ओळ संग्राहकाला एका राष्ट्राची तेव्हांची स्थिति सांगून जाते.

पत्र्याच्या या धंद्यांतूनच किल्लीवर व बॅटरीवर चालणारे जपानी यंत्रमानव आले. १९५६ सालच्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या अमेरिकन चित्रपटांतील रॉबी नामक यंत्रमानवानें त्यांच्या लोकप्रियतेंत भर घातली. पुढें प्लॅस्टिकचें युग आलें. तोक्योच्या ताकारा कंपनीनें १९७४ सालीं 'मायक्रोमॅन' व १९८० सालीं 'डायाक्लोन' या मालिका काढल्या. डायाक्लोनमध्यें कांहीं काळानें एक नवीच कल्पना अवतरली : हुबेहूब मोटार, पण तिचे भाग उलगडले कीं उभा राहतो तो यंत्रमानव! अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें हे नमुने घेऊन १९८४ सालीं 'ट्रान्सफॉर्मर्स' या नांवानें विकण्यास आरंभ केला. अशा रीतीनें वाहनांचें घराणें व यंत्रमानवांचें घराणें एकाच खेळण्यांत एकत्र आलीं.

आतां परीक्षणाकडे वळावें. चांगला परीक्षक प्रथम प्रमाण पाहतो. मॅचबॉक्सच्या गाड्या पेटीच्या मापानें बनत. म्हणून त्यांतील बस आणि लहान मोटार जवळजवळ सारख्याच लांबीच्या भरतात. एकेकटी पाहिली तर प्रत्येक सुबक. शेजारीं ठेवतांच विसंगति डोळ्यांत भरते. नंतर तो घडण पाहतो : साच्याच्या दोन अर्धांची शीव कोठें आली आहे, रंग खांचेंत सांचून राहिला आहे कीं काय, दिव्याच्या जागीं दिवा आहे कीं नुसता ठिपका. मग चाल पाहावयाची. एक फळी तिरपी धरून गाडी सोडली कीं आंस वांकडा असल्यास ती एका अंगास वळते. येथें कोणतीहि जाहिरात उपयोगी पडत नाहीं. यंत्रमानवाच्या बाबतींत सांध्यांची परीक्षा असते. वर उचललेला हात वर राहतो कीं हळूहळू खालीं येतो? तो आधारावांचून उभा राहतो काय? मोटारीचा मानव होतांना एखादा भाग सुटा निघत असेल, तर तो चार दिवसांत हरवणार हें निश्चित.

याच परीक्षेंत कधीं कधीं इतिहासहि हातीं लागतो. ट्रान्सफॉर्मर्सच्या पहिल्या कांहीं मोटारींचीं दारें उघडलीं असतां आंत एक चिमुकलें आसन दिसतें. पण त्यावर बसणारा कोणीच नाहीं. डायाक्लोनमध्यें तेथें बोटाच्या पेराएवढा एक सारथि बसत असे. हॅस्ब्रोच्या कथेंत यंत्रेंच सजीव ठरलीं. त्यामुळें सारथि गेला, परंतु साचा तोच राहिल्यामुळें आसन उरलें. त्याच रीतीनें प्रॉल, ब्लूस्ट्रीक व स्मोकस्क्रीन हीं तीन भिन्न नांवांचीं पात्रें वस्तुतः एकाच साच्याचीं भावंडें आहेत, हें तीं शेजारीं ठेवून पाहणाऱ्यासच उमगतें. आपल्या देशांतहि असें उदाहरण आहे. डिंकीचे कांहीं जुने साचे कलकत्त्यास आले व त्यांतून गाड्या निघाल्या, तेव्हां बुडावरील 'डिंकी' हें नांव बदलून 'निकी' करण्यांत आलें. ज्यानें गाडी उलटी करून पाहिली नाहीं, त्याला ही गंमत कशी कळावी?

बंद पेटीच्या बाजूनेंहि कांहीं बोलण्यासारखें आहे. मूळ रंग, मूळ कागद, वेष्टनावरील चित्रें यांचा पुरावा अशाच नमुन्यांत टिकतो. योकोहामा शहरीं तेरुहिसा किताहारा यांनीं १९८६ पासून पत्र्याच्या खेळण्यांचें जें संग्रहालय उभें केलें, तशा ठिकाणीं कांहीं नमुने अस्पृष्ट राहावेत हें रास्तच आहे. पण घरोघरच्या कपाटांत पेट्यांच्या थप्प्या रचून भाव चढण्याची वाट पाहणें हा संग्रह नव्हे. ती साठेबाजी होय. तिचा दुष्परिणाम परीक्षणावर होतो. ज्याच्या कपाटांत शंभर पेट्या बंद आहेत, त्याला त्यांतील माल वाईट आहे असें म्हणणें परवडत नाहीं. मग परीक्षणाच्या नांवाखालीं दुकानदाराची भाटगिरी सुरू होते, आणि महिन्याच्या मिळकतींतून मुलासाठीं एखादेंच खेळणें घेणाऱ्या गृहस्थास खरें सांगणारा कोणी उरत नाहीं.

त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, पेटी जें रक्षण देऊं करते तें पुरें पडत नाहीं. मझॅकमध्यें शिशाचा अत्यल्प अंश मिसळला गेला तरी काळांतरानें त्या धातूच्या कणांमधील सांधे आंतूनच खचूं लागतात. प्रथम पृष्ठभागावर भेगा दिसतात, मग गाडी फुगते, वांकते, आणि शेवटीं हातांत घेतांच तिचे तुकडे होतात. युद्धापूर्वींच्या डिंकी गाड्यांपैकीं पुष्कळांची हीच गति झाली. हा रोग एका खेळण्यापासून दुसऱ्यास लागत नाहीं, पण त्यावर उपायहि नाहीं. उष्ण व दमट हवेंत तो अधिक वेगानें वाढतो. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत ज्यांना अशा गाड्या सांभाळावयाच्या असतील, त्यांनीं कपाट कोरडें राखावें एवढेंच त्यांच्या हातीं आहे. प्लॅस्टिकहि निर्भय नाहीं. कांहीं यंत्रमानवांत वापरलेलें सोनेरी चकाकीचें प्लॅस्टिक कांहीं वर्षांनीं इतकें ठिसूळ होतें कीं, पेटींतून प्रथमच बाहेर काढलेल्या खेळण्याचा सांधा पहिल्याच वळणाला मोडतो. ज्यानें तें जपण्यासाठीं कधीं हलविलें नाहीं, त्याच्या हातीं अखेर तुकडेच येतात. आणि तें खेळणें उभें कसें राहत होतें, वळत कसें होतें, हें सांगावयास त्याच्यापाशीं एक ओळहि नसते.

येथेंच त्या वादाचा निर्णय लागतो. धातु जाणार, प्लॅस्टिक जाणार. मागें राहील ती नोंद. ज्यानें गाडी उघडली, मोजली, फळीवरून सोडली, तिचा दोष दोष म्हणून लिहिला आणि गुण गुण म्हणून लिहिला, त्याचा संग्रह खेळणें भंगल्यावरहि शिल्लक राहतो. मोटार कशी चालते हें पाहण्यासाठीं ती उलटी करून चाक फिरविणारें मूल हेंच करीत असतें; संग्राहकानें त्या कुतूहलाला मापाची व सत्याची जोड द्यावयाची असते. म्हणून ज्या घरांत अशीं खेळणीं आहेत, तेथें वडील माणसांनीं पेटी उघडावी, मुलांना जवळ बसवावें, आणि खेळणें कोणीं केलें, कोठें केलें, कसें केलें व त्यांत काय साधलें, काय चुकलें, हें दोघांनीं मिळून एका साध्या वहींत लिहून ठेवावें. त्या वहीस बाजारांत कोणी भाव देणार नाहीं. पण यंत्रयुगांत वाढणाऱ्या मुलाला यंत्राकडे डोळसपणें पाहण्याचा पहिला धडा त्याच वहींतून मिळेल.